चेंडू कुणाचा होता

आशिझावासरांना कॉफीत बर्फाचे दोनच खडे लागतात. तीन टाकले तर तिसरा ते बोटाने काढून गवतात फेकतात, आणि मग शूगोची आई त्या दिवशी चहाची ड्यूटी असलेल्या आईकडे बघते. त्या बघण्यातून सावरायला मला एकदा दोन रविवार लागले होते. म्हणून तेप्पेईच्या आईला मी गाडीतच सांगून टाकलं. दोन खडे, साखर नाही, आणि यजमान गावच्या अंपायरना आपल्या सरांच्या आधी.

"दोन खडे, यजमान आधी," ती पुटपुटली आणि तळहातावर बॉलपेनने लिहून घेतलं. तिचे हात कोरडे पडून भेगाळले होते. डबे भरायच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला असते ती. वर्षभरात आज पहिल्यांदा आली होती. आजच्या सुट्टीसाठी पुढचे तीन रविवार तिने दुसऱ्या बायकांच्या बदली घेतले होते. तिच्याकडे गाडी नाही, त्यामुळे कोण कुणाला नेणार या यादीत ती आणि तेप्पेई माझ्या वाट्याला आले होते. मागच्या सीटवर तेप्पेई आणि माझा इबुकी, मांडीवर हातमोजे घेऊन, दोघंही खिडकीबाहेर बघत. पीचच्या बागांमधून रस्ता चढत होता, आणि आठ वाजताच काचेतून चटका बसत होता.

दर जुलैत आमच्या गावच्या मुलांचा बेसबॉलचा संघ, प्रशिक्षक आशिझावासरांबरोबर, डोंगरापलीकडच्या सवातारीला जातो. सकाळी सामना, मग झाडाखाली डबे, मग सगळे पायवाटेने निरेझाकाच्या खिंडीत. वर एक छोटं देऊळ आहे. तिथे सर जिल्हा स्पर्धेच्या शर्टांचे नंबर वाटतात. एक ते नऊ मैदानात उतरतात, दहाच्या पुढचे बाकावर बसतात. मुलं चौदा. यंदा पहिले आठ नंबर कुणाचे हे सगळ्यांना माहीत होतं. नववा, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात उजवीकडे उभं राहणारा, तेवढा ठरायचा होता. तेप्पेई किंवा इबुकी.

इबुकी पाचवीत आहे. एप्रिलपासून रोज सकाळी त्याचं पोट दुखतं. बूट घालून दारात बसतो आणि उठत नाही. डॉक्टर म्हणाले पोटात काही नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या वर्गात काही नाही. नवरा नागोयाला बदलीवर, तो फोनवर म्हणाला, "होईल ठीक." मी एकटी त्या दारात त्याच्या शेजारी बसते, कधी दहा वाजेपर्यंत. फक्त रविवारी तो पाचला आपणहून उठतो आणि संघाची टोपी घालून तयार होतो. जूनमध्ये एकदा दात घासता घासता, मी काही विचारलेलं नसताना म्हणाला, "नऊ नंबर मिळाला तर सुट्टीनंतर, सप्टेंबरपासून रोज शाळेत जाईन."

"आणि नाही मिळाला तर?"

त्याने चूळ भरली. "तर नाही जाणार."

मला दुसरं काही सुचत नव्हतं त्या महिन्यात. भांडी घासताना नऊ, झोपताना नऊ.

सवातारीच्या मैदानावर आम्ही तंबू ठोकला, टेबल मांडलं, जवाच्या गार चहाचं दहा लिटरचं पिंप चढवलं. शूगोची आई आमच्या आयांची अध्यक्ष. ती टोपीची कड वर करून म्हणाली, "अगंबाई, तेप्पेईची आई! दर्शन झालं म्हणायचं. आम्हाला वाटलं, या पोराला आई आहे की नाही."

सगळ्या हसल्या. तेप्पेईची आईही हसली आणि कमरेत वाकली. "माफ करा हं. कारखान्यात सुट्टी मिळत नाही."

"हो ना. आम्ही काय, घरी लोळत असतो."

पुन्हा हसणं. मीही हसले. न हसणाऱ्या बाईकडे शूगोची आई लक्ष ठेवते.

तेप्पेईच्या आईने यजमानांना आधी दिलं, खडे दोनच टाकले, आणि तरी चुकली. सरांना कप एका हाताने दिला, कारण दुसऱ्या हातात ट्रे होता. शूगोची आई माझ्या कानाशी म्हणाली, "डबे भरते ना, पट्ट्यावर ठेवल्यासारखं ठेवते बघा." मी म्हणाले, "सवय होईल हळूहळू." तेवढंच. तेवढ्यानेसुद्धा शूगोच्या आईच्या भुवया वर गेल्या.

त्या दिवशी मधल्या जागेवर खेळणारा मुलगा सर्दीने आला नव्हता, म्हणून सरांनी दोघांनाही उतरवलं. तेप्पेई उजवीकडे, इबुकी मध्ये. मी सामना बघत नव्हते, इबुकीला बघत होते. तो हातमोज्यात सारखी मूठ आपटत होता. पाच इनिंग त्याच्याकडे चेंडू आलाच नाही. तेप्पेईकडे दोन आले, दोन्ही त्याने धरले. दुसरा तर पळत जाऊन, गुडघ्यावर घसरून. "शाबास!" सर म्हणाले. सर ते वर्षातून चारदा म्हणतात.

शेवटची इनिंग. आम्ही एका रनने पुढे, त्यांचे दोन आउट, तिसरा झाला की आम्ही जिंकलो; पण त्यांचे दोघं बेसवर. तंबूजवळच्या नळाला उन्हाने कढत पाणी येत होतं, म्हणून सरांचे आणि अंपायरचे टॉवेल गार करायला मी मैदानाच्या पार मागे, जाळीबाहेरच्या नळावर गेले. तिथे शिरीषाची सावली होती. समोर, जाळीपलीकडे, आमच्या मुलांच्या पाठी. आमचा तंबू लांब, दुसऱ्या टोकाला. सवातारीची माणसं प्लास्टिकचे कर्णे बडवत होती, सिकाडा किड्यांनी झाडं डोक्यावर घेतली होती.

चेंडू उंच गेला. दोघांच्या मधोमध, थोडा तेप्पेईच्या बाजूला. तेप्पेई त्याच्या खाली पोचला, हातमोजा वर केला. इतक्यात मधून धावत येणारा इबुकी ओरडला, "ओराई!"

बारीक, फाटका आवाज, पण अगदी स्पष्ट. मुलं पहिलीत असल्यापासून हे शिकतात. ज्याने ओराई म्हटलं, चेंडू त्याचा. बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, नाहीतर डोकी आपटतात. तेप्पेई बाजूला झाला. हात खाली, एक पाऊल मागे, शिकवलं तसं.

आणि इबुकीने डोळे मिटले. मी जाळीमागे आठ-दहा पावलांवर होते. त्याने मान वळवून खांदे कानापर्यंत आवळले, घरी दाराची घंटा वाजली की आवळतो तसे. चेंडू दोघांमध्ये गवतात पडला. तेप्पेईने इबुकीकडे पाहिलं, मग जाळीपलीकडे माझ्याकडे पाहिलं, मग धावत जाऊन चेंडू उचलला आणि फेकला. उशीर झाला होता. दोन रन झाले. आम्ही हरलो.

मी टॉवेल पिळले, ताटात घातले आणि तंबूकडे चालत आले. मुलं रांगेत उभी होती. आशिझावासर ओरडत नाहीत. ते हळू बोलतात आणि मुलं पुढे वाकून ऐकतात.

"चेंडू कुणाचा होता?"

इबुकी आपल्या बुटांकडे बघत होता.

"मला इथून एक मुलगा दिसला. चेंडूच्या खाली, हात खाली सोडून. तेप्पेई, झोप झाली का?"

पोरं फिसकन हसली.

"माफ करा, सर," तेप्पेई म्हणाला.

"चेंडू कुणाचा होता?"

क्लबच्या खोलीत भिंतीवर पहिलाच नियम मोठ्या अक्षरांत लावलेला आहे, सबब सांगायची नाही. तेप्पेईने घसा साफ केला. "माझा होता, सर."

मी तिथेच होते, टॉवेलांचं ताट घेऊन. नुसतं तोंड उघडायचं होतं. "सर, इबुकीने हाक दिली होती, मी ऐकली." इतकंच वाक्य. मी त्याची जुळवाजुळवही केली. मग दार दिसलं, बूट घालून बसलेला इबुकी दिसला, आणि मी सरांसमोर ताट धरलं. दोन्ही हातांनी.

ज्याच्यामुळे हरलो त्याने चहाचं पिंप खिंडीत वाहून न्यायचं, अशी संघाची रीत आहे. सर सांगत नाहीत, मुलंच पिंप त्याच्यापुढे आणून ठेवतात. डबे खाऊन झाल्यावर शूगोने ते आणून ठेवलं. "घ्या साहेब, झोप पूर्ण झाली असेल तर."

तेप्पेईची आई उठली. "मी धरते एका बाजूने. अर्ध्याहून अधिक भरलेलंच आहे."

"अहो, तुम्ही कशाला?" शूगोची आई हसून म्हणाली. "मुलांना त्यांचं त्यांचं शिकू द्यावं. तुम्ही नेहमी नसता ना, म्हणून माहीत नाही."

ती बसली.

पायवाट देवदारांतून जाते, मुळांच्या पायऱ्यांनी, दीड तास. मुलांच्या पिशव्यांना अस्वलं दूर राहावीत म्हणून बांधलेल्या घंटा, पुढे सर, मध्ये मुलं आणि आया, शेवटी ड्यूटीवाल्या आम्ही दोघी. तेप्पेई आमच्या थोडा पुढे. पिंप पोटाशी धरून दहा पावलं, मग खाली, मग पुन्हा दहा. पहिल्या विसाव्याला मी पेले काढले आणि हाक मारली, "चला, चहा प्या."

कुणी आलं नाही. शूगो कपाळाचा घाम टिपत म्हणाला, "तहान नाही." त्याच्यामागून एकेक सगळेच. "नाही तहान." त्यांचे ओठ वाळले होते. मला कळायला वेळ लागला. कुणी प्यायलं नाही तर पिंप हलकं होणार नव्हतं.

"प्यायलाच हवं, ऊन फार आहे," मी म्हणाले.

"अहो, इबुकीची आई," शूगोची आई वरून म्हणाली, "मुलं नाही म्हणताहेत ना? त्यांच्या पिशवीत पाणी आहे. उगाच आग्रह कशाला?"

दुसऱ्या विसाव्याला इबुकी रांगेतून निघाला. पिंपापाशी आला, एक पेला प्यायला, मग दुसरा, मग तिसरा. घशाखाली उतरत नव्हता तरी. सगळी पोरं बघत होती. शूगो म्हणाला, "काय रे, आता तू वाहणार का?" चौथा पेला भरायला त्याने हात पुढे केला तेव्हा मी त्याला दंडाला धरून वळणामागे नेलं.

"पोट दुखेल. पुरे."

"आई, मी ओराई म्हटलं होतं."

त्याच्या हनुवटीवरून चहा ओघळत होता. मी रुमालाने पुसला.

"नाही म्हटलंस."

"म्हटलं. मग भीती वाटली. सरांना सांगतो."

"इबुकी, माझ्याकडे बघ. मी नळापाशी होते. सगळ्यांत जवळ मीच होते. तू तोंड उघडलंस, पण आवाज आला नाही. ओरडायचं तुझ्या मनात होतं, म्हणून तुला तसं वाटतंय. असं होतं."

"पण तेप्पेई थांबला."

"तो त्याचा तो थांबला. घाबरला."

"तेप्पेई नाही घाबरत."

"सगळे घाबरतात."

तो विचार करू लागला. कपाळाला लहान बाळासारख्या आठ्या. खालून पिंप दगडावर टेकल्याचा आवाज आला.

"नक्की? आवाज नव्हता आला?"

"मी तुझी आई आहे. तुला खोटं सांगेन का?"

ताप उतरतो तेव्हा अंगावर हात ठेवला की कळतं. तसं मला कळलं. त्याचे खांदे खाली आले. "मग बरं," तो म्हणाला आणि घंटा वाजवत वर पळाला. मी त्याला पळताना एप्रिलनंतर पहिल्यांदा पाहिलं.

शेवटच्या चढावर तेप्पेईची आई माझ्याजवळ आली. संघाच्या औषधांची पिशवी तिने दोन्ही खांद्यांवर पाठीशी अडकवली होती. म्हणाली, "एक विचारू का? राग मानू नका."

"विचारा की."

"तो चेंडू पडला तेव्हा तुम्ही तिकडे नळावर होतात. तेप्पेई मघाशी म्हणाला, कुणीतरी हाक दिली होती. कुणी, म्हटलं, तर गप्प. तो सबब सांगणारा नाही हो, म्हणून विचारते. मी सरांना काही सांगणार नाही. पिंप तो नेईल, नंबर नाही मिळाला तरी चालेल. मला फक्त एवढं कळू दे, माझं पोर खरं बोलतंय का."

पायाखाली भुसभुशीत पानं होती. मी दोन पावलं मोजली.

"नाही," मी म्हणाले. "मी तिथेच होते. कुणी काही म्हटलं नाही."

तिने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली.

"बरं झालं सांगितलंत. दुसरं कुणी सांगितलं नसतं." मग थोड्या वेळाने, "याचा बाप असाच होता. आधी बारीकसारीक थापा. मग घर गेलं. मला त्याचीच धास्ती असते. आता आजच धरते त्याला."

"इतकं मनावर घेऊ नका."

"तुम्ही शिकलेल्या आहात. तुमच्या मुलांचं वेगळं असतं."

वर वारा होता. पिंप देवळाच्या पायरीवर ठेवून तेप्पेई बाजूला उभा राहिला. त्याची बोटं उघडत नव्हती. एकेक बोट दुसऱ्या हाताने सरळ करत होता. पिंप आल्यावर सगळ्यांना तहान लागली. पोरं तुटून पडली, पाच मिनिटांत तळ गाठला.

सरांनी पांढऱ्या कापडाचे नंबर काढले. एकेक नाव घेतलं. "नऊ. इबुकी."

"हो सर!" असा आवाज त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. खिंडीतून तो घुमून परत आला. आया टाळ्या वाजवू लागल्या, शूगोच्या आईने माझ्या पाठीवर थाप मारली. "शिवून द्या आता, घट्ट शिवा!" मला रडू आलं. खरंच आनंदाने आलं, त्यात काही खोट नव्हती.

तेप्पेईला चौदा मिळाला. सगळ्यांत शेवटचा.

"चौदा!" शूगोची आई तेप्पेईच्या आईला म्हणाली, लाडाने म्हणावं तसं. "वर्षातून एकदा चहा दिला, त्या मानाने चांगलाच की."

तेप्पेईची आई वाकली. "आभारी आहे."

परतताना गाडीत एसी पूर्ण लावला होता. ती पुढे माझ्या शेजारी, मुलं मागे. साडेचार वाजले होते. बागांमधून फळांचे ट्रक निघाले होते, त्यांच्यामागे आम्ही सरकत होतो. इबुकीने नऊचं कापड छातीवर धरलं होतं, आणि काचेत बघत होता कसं दिसतं ते.

तेप्पेई अगदी हळू म्हणाला, "तू म्हणालास ना रे. ओराई."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"नाही म्हणालो," इबुकी म्हणाला. जराही न थांबता. "आईने ऐकलंय, ती तिथेच होती. तूच घाबरलास. झोप झाली का?"

सरांचा शब्द, सरांचाच हळू आवाज. आणि तो हसला. त्याला आता वाटतच नव्हतं की आपण म्हटलं होतं. स्वच्छ, मोकळं हसू होतं ते.

पुढे सिग्नल लाल झाला. तेप्पेईच्या आईने पट्टा सोडला आणि पूर्ण मागे वळली.

"तेप्पेई, माफी माग."

"मी ऐकलं होतं."

"इबुकीच्या आई तिथे होत्या. त्या खोटं बोलतात का? एवढं त्यांनी आपल्याला गाडीतून आणलं, नेलं. स्वतःची चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालतोस? बापावर गेलास का?"

"आई, मी खरंच..."

"माफी माग. नाहीतर पुढच्या रविवारपासून बंद. टोपी, हातमोजा, सगळं."

तो इबुकीकडे बघत नव्हता. आरशात मला त्याचे डोळे दिसत होते, ते माझ्याकडे लागले होते. त्याने मला जाळीमागे पाहिलं होतं. मी काय ऐकलं ते त्याला माहीत होतं, आणि मी मोठी होते, म्हणून तो थांबला होता. रागावला नव्हता. नुसता थांबला होता, आता मी बोलेन म्हणून. तो सिग्नल लांबलचक आहे. उलटे आकडे दिसतात त्याच्यावर. मी आकडे बघत राहिले. चार, तीन, दोन.

हिरवा झाला. मी गाडी पुढे घेतली.

"माफ कर, इबुकी," मागून आवाज आला. "मी खोटं बोललो."

"आणि काकूंची?"

"काकू, माफ करा."

तेप्पेईच्या आईने पट्टा पुन्हा लावला आणि माझ्याकडे वळून इतकी खाली वाकली की तिचं कपाळ डॅशबोर्डला लागलं.

"राहू द्या हो," मी म्हणाले. "लहान आहे अजून. शिकेल."